पेटी बिघडली की स्क्रूड्रायव्हर सगळ्यात शेवटी: हार्मोनियमची घरच्या घरी देखभाल आणि नेहमीचे प्रॉब्लेम

गणपती आठवड्यावर आले की मला ठरावीक फोन सुरू होतात. "अरे पेटी काढली माळ्यावरून, एक पट्टी दाबलेलीच राहतेय." "पांढरी चार वाजतच नाही." "भाता मारून मारून हात भरून आला पण हवाच टिकत नाही." आणि त्याच्या पुढचं वाक्यपण ठरलेलं, "म्हणून उघडली, आता बसत नाहीये." घोळ होतो तो इथेच. मी काही कारागीर नाही, भजनाला साथ करतो आणि घरची एक नि मंडळाची एक अशा दोन पेट्या सांभाळतो. पण एवढं नक्की सांगतो, पेटी बंद असताना जे कळतं ते उघडल्यावर कळत नाही, कारण उघडली की हवा गेली, आणि हवाच नाही तर सूर कुठे अडतोय ते शोधणार कशावरून?

म्हणून खालचा क्रम पाळा, मधली पायरी गाळू नका. हे सगळं साध्या हातपेटीसाठी आहे, तीन किंवा साडेतीन सप्तकांची, सिंगल किंवा डबल रीडची. रीड म्हणजे पितळी पाटीवर बसवलेली पातळ पितळी जीभ, हवेने थरथरून सूर देते ती. डबल म्हणजे दर पट्टीला दोन. स्केल चेंजर, म्हणजे पट्ट्या सरकवून स्केल बदलता येणारी पेटी, असेल तर काय वेगळं ते त्या त्या जागी सांगतो.

## १. आधी सामान जमवा

फार काही लागत नाही:

- एक इंची मऊ ब्रश, नवा, रंगात एकदाही न बुडवलेला, आणि चित्रकलेचा एक बारीक ब्रश
- टॉर्च (मोबाइलचा चालतो, पण मग फोटो काढायला दुसरा मोबाइल लागतो, हे ऐनवेळी लक्षात येतं)
- जुन्या बनियनचं सुती कापड
- ६बी पेन्सिल
- पातळ गुळगुळीत कागदाच्या पट्ट्या, दुकानातल्या बिलाचा कागद असतो तसा
- स्क्रूच्या खाचेत बरोब्बर बसणारा स्क्रूड्रायव्हर. "जवळपास बसतो" असला नको, जुन्या पितळी स्क्रूची खाच एका फटक्यात जाते
- अंड्यांचा रिकामा ट्रे, स्क्रू ठेवायला

आता काय जवळ घ्यायचं नाही ते. तेल, म्हणजे खोबरेल, शिलाई मशीनचं, कुठलंच नाही, आणि गंज काढायचा स्प्रेपण नाही. तेल लाकडात मुरतं, लाकूड फुगतं, वर धूळ चिकटून चिखल होतो आणि जी पट्टी कधीतरी अडकत होती ती कायमची अडकते. टाल्कम पावडर नको, ती ओल धरते आणि भोकातून खाली रीडवर जाते. सेलोटेप नको, झटकन चिकटणारा गोंद नको. आणि सॅनिटायझर तर अजिबात नको. जुन्या पेट्यांना लाखेचं पॉलिश असतं आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते, त्यामुळे सॅनिटायझर लावलेले ओले हात वरच्या फळीवर टेकले की पांढरे ठसे उठतात. आमच्या मंडळाच्या पेटीवर उजव्या बाजूला चार बोटं अजून दिसतात.

## २. पेटीचा दोष नसेलच तर? आधी पाच मिनिटं हे बघा

हसू नका, मीपण यात फसलोय.

सगळ्या खुंट्या, म्हणजे हवेचा रस्ता उघडायला बाहेर ओढतो ती बटणं, आत ढकला. मग मुख्य खुंट्या एकेक करून बाहेर ओढा आणि प्रत्येक वेळी एखादी पट्टी वाजवून बघा. "एक लाइन (रीडची रांग) पूर्ण बंद आहे" असं वाटतं तेव्हा बऱ्याचदा तिची खुंटी अर्धवटच ओढलेली असते.

सुराच्या खुंट्या वेगळ्या असतात, म्हणजे ज्या ओढल्या की पट्टी न दाबताच एक सूर धरून राहतो त्या. यातली एखादी किंचित बाहेर राहिली की दोन गोष्टी होतात, हवा लवकर संपते आणि मागे कुठेतरी बारीक किणकिण ऐकू येते. लोक त्याला "आपोआप वाजतं" म्हणतात.

कपलर बंद करा आणि सगळं तपासून होईपर्यंत बंदच ठेवा. कपलर चालू असताना एक पट्टी दाबली की तिच्याबरोबर दुसऱ्या सप्तकातली पट्टीपण खाली जाते, त्यामुळे एक अडकली तर दोन अडकल्यासारख्या दिसतात आणि तुम्ही चुकीची पट्टी खरवडत बसता.

स्केल चेंजर असेल तर दांडा किंवा पट्ट्यांची फ्रेम खाचेत नीट बसलीय ना बघा. दोन खाचांच्या मध्ये राहिली तर अर्धे सूर मुके होतात नाहीतर शेजारचे मिसळून वाजतात. सरकवताना कुठलीही पट्टी दाबलेली नको, आणि अडली तर जोर लावायचा नाही, मागे घेऊन पुन्हा सरकवायची.

भात्याच्या कड्या नीट निघाल्यात ना? एका बाजूची अडकून राहिली तर भाता तिरका उघडतो आणि "भाता जड झालाय" अशी तक्रार येते.

थांबा: पेटी माळ्यावरून किंवा बंद खोलीतून आत्ताच काढली असेल तर आजच निदान करू नका. रोजच्या खोलीत, पंख्याच्या वाऱ्यात, दोन-तीन दिवस राहू द्या, उन्हात नको. ओल धरलेलं लाकूड थोडं सुकलं की काही पट्ट्या आपल्या आपणच सुटतात.

## ३. हवेची परीक्षा, तीन टप्प्यांत

ही परीक्षा नीट केली तर पुढचं अर्धं काम वाचतं, पण नेमकी हीच कोणी करत नाही.

टप्पा एक. सगळ्या खुंट्या बंद, एकही पट्टी दाबलेली नाही. भाता सावकाश चार-पाच वेळा मारा. आतला भाता, म्हणजे पेटीच्या पोटात हवा साठवणारा, भरला की बाहेरचा हाताला कडक लागायला पाहिजे. कडक लागला की थांबा, आणखी दाबून बघायचं नाही, घड्या फाटतात. हात तसाच हलक्या दाबाने ठेवा. भाता मुंगीच्या पावलाने आत गेला तर ठीक आहे, कुठलीच पेटी शंभर टक्के हवाबंद नसते. पण सरळ आतच जात असेल तर हवा भात्यातून, पेटीच्या सांध्यातून किंवा झडपांमधून जातेय.

कुठून ते असं शोधा. भात्याच्या बाहेरच्या फळीला भोकं असतात आणि त्यांच्या आतल्या बाजूला चामड्याची झडप असते, जी हवा आत घेते पण बाहेर सोडत नाही. भोकांसमोर टिश्यू पेपरचा तुकडा धरा आणि भाता दाबा. कागद बाहेरच्या बाजूला उडाला म्हणजे झडप वाकलीय किंवा तिच्याखाली काहीतरी अडकलंय. दुसरी खूण याहून सोपी: पेटी भरून हात सोडला आणि भाता कोणी आतून ढकलल्यासारखा आपोआप उघडायला लागला, तर भाता आणि पेटी यांच्यामधली आतली झडप गळतेय, आतल्या भात्यातली हवा उलटी बाहेर येतेय.

दोन्ही झडपा ठीक असतील तर ओला हात भात्याच्या घड्यांवरून, खास करून कोपऱ्यांवरून फिरवा, गार झुळूक लागते ती जागा फाटलेली. अगरबत्तीच्या धुराने पण कळतं, पण पंखा बंद करून करा आणि भात्याच्या कापडापासून चार बोटं लांब धरा, ठिणगी पडली तर शोधायला गेलात एक आणि झाली दोन भोकं.

टप्पा दोन. आता मुख्य खुंट्या उघडा, पट्टी दाबू नका. पहिल्या टप्प्यात हवा टिकली आणि इथे पळायला लागली तर भाता निर्दोष आहे, गळती पट्ट्यांच्या मागच्या गाद्यांमधून आहे. प्रत्येक पट्टीचं मागचं टोक रीडच्या भोकावर बसलेलं असतं, खाली चामडं किंवा नमद्याची गादी असते, वरून स्प्रिंग दाबून धरते. तुम्ही पट्टी पुढे दाबली की मागचं टोक वर उचलतं आणि भोक उघडतं. एवढी एकच गोष्ट डोळ्यासमोर ठेवली की पुढचं सगळं समजतं.

टप्पा तीन. भाता पूर्ण भरा, मधल्या सप्तकातली पांढरी एक दाबा, एकच खुंटी उघडी, आणि मोबाइलवर सेकंद मोजा सूर किती टिकतो ते. आकडा किती यायला पाहिजे हे मला विचारू नका, पेटीगणिक वेगळा येतो. पेटी चांगली असताना हा आकडा काढून ठेवायचा आणि पुढच्या वेळी त्याच्याशीच ताडायचा. मी जाळीच्या आतल्या बाजूला पेन्सिलने तारखेसकट लिहितो.

चेक: तिन्ही टप्प्यांचं काय आलं ते कागदावर लिहा. "हवा टिकत नाही" असं मोघम नको, "पहिल्यात ठीक, दुसऱ्यात गेली" असं.

## ४. धूळ काढायची, पण पट्ट्या न दाबता

वरचं झाकण आणि जाळी काढा. बहुतेक पेट्यांमध्ये याला एकही स्क्रू सोडावा लागत नाही. समोर पट्ट्यांची मागची टोकं आणि स्प्रिंगांची रांग दिसेल.

इथली चूक अशी की माणूस ब्रश फिरवता फिरवता दुसऱ्या हाताने पट्ट्या वाजवून बघत असतो. पट्टी दाबली की भोक उघडतं, आणि ब्रशने हलवलेली सगळी धूळ सरळ खाली रीडवर. मग काल चांगला वाजणारा सूर आज गुरगुरतो आणि आपण म्हणतो साफ केल्यावर बिघडली. त्यामुळे खुंट्या बंद, पट्ट्यांना हात नाही, ब्रश नेहमी भोकांपासून लांब, बाहेरच्या दिशेने. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर तोंडाला बनियनचं कापड बांधा आणि ब्रशने उडवलेली धूळ वरच्या वर ओढून घ्या, नळी स्प्रिंगांना लावायची नाही.

तोंडाने फुंकू नका. फुंकरीत वाफ असते, ती पितळेवर बसते आणि हिरवट कळंक चढायला सुरुवात होते.

पट्ट्यांचा वरचा भाग ओलसर, पिळून घेतलेल्या कापडाने पुसा, लगेच कोरड्याने. पाणी दोन पट्ट्यांच्या फटीत जाता कामा नये.

## ५. पट्टी अडकते, खाली राहते किंवा सूर चालूच राहतो

सगळ्यात जास्त येणारी तक्रार, आणि उघडल्याशिवाय सुटणारी.

आधी डोळे पट्ट्यांच्या पातळीला आणून समोरून आडवं बघा. ओळीत एखादी पट्टी शेजारणींपेक्षा केसभर खाली दिसते का? दिसली तर मागचं टोक पूर्ण बसलेलं नाही. आता ती पट्टी बोटाने हलकेच वर उचलायचा प्रयत्न करा. उचलल्यावर सूर थांबला तर दोन शक्यता, एक तर पट्टी शेजारच्या पट्टीला घासतेय, नाहीतर मागची स्प्रिंग सैल झालीय किंवा जागेवरून सरकलीय. उचलूनही सूर थांबत नसेल तर गादीखाली काहीतरी आहे.

हे "काहीतरी" काय असतं सांगू? आमच्याकडे खंडेनवमीला पेटीची पूजा होते. हळदकुंकू, फूल, अक्षता, सगळं थेट पट्ट्यांवर. दसऱ्यानंतर मंडळाच्या पेटीची काळी पाच सतत वाजायला लागली, दोघांनी सांगितलं स्प्रिंग बदला, टॉर्च मारून बघितलं तर मागच्या टोकाखाली तांदळाचा अर्धा दाणा, कुंकवाने लाल झालेला. अर्धा दाणा, पण गादी एका बाजूने उचलून धरायला तेवढा पुरतो. आता पूजा झाकण लावून, वर कापड टाकूनच करतो, देवी रागावल्याचं अजून तरी जाणवलं नाही.

दाणा, पाकळी, झुरळाचा पाय, जे काय असेल ते काढायची पद्धत: पट्टी अगदी थोडी दाबा, मागचं टोक उचललं की कागदाची पट्टी गादीखाली सरकवा, पट्टी सोडा, आणि कागद आपल्याकडे ओढून घ्या. दोन-तीनदा करा, दरवेळी कागदाचा स्वच्छ भाग वापरा. चिमट्याने टोकरू नका, निसटलं तर खाली भोकात.

याच कागदाने स्प्रिंगपण तपासता येते. कागद ओढताना शेजारच्या पट्टीत किती अडतो आणि या पट्टीत किती, ते हाताला कळतं. सुळकन निघाला म्हणजे स्प्रिंग ढिली. जागेवरून सरकली असेल तर तिच्या खाचेत परत बसवा. ढिली असेल तर एकदाच, अगदी किंचित वाकवून ताण वाढवता येतो, पण गंजलेली दिसत असेल तर हात लावू नका, तुटून उडते.

शेजारच्या पट्टीला घासत असेल तर फटीत ६बी पेन्सिलने दोन्ही बाजूंना शिसं घासा, वीस-पंचवीस वेळा पट्टी वरखाली करा. पावसाळ्यात एवढ्यावर भागवा. सँडपेपरने घासायची घाई करू नका, हे मी कळकळीने सांगतोय, जुलैत घासून मोकळी केलेली पट्टी एप्रिलमध्ये खुळखुळते, कारण तोपर्यंत लाकूड आक्रसलेलं असतं आणि घासून काढलेलं परत येत नाही.

## ६. एकच सूर वाजत नाही किंवा चिरका येतो

इथेही अजून उघडायचं नाही. डबल रीडच्या पेटीत प्रत्येक पट्टीला दोन रीड, एक खर्जाची, म्हणजे खालच्या जाड सुराची, आणि एक नराची, म्हणजे त्याच्या वरच्या सुराची. खर्जाची खुंटी एकटी उघडून ती पट्टी वाजवा, मग ती बंद करून नराची. एका खुंटीवर वाजते आणि दुसरीवर नाही, तर त्या दुसऱ्या लाइनीतली तेवढी एकच रीड बिघडलीय. दोन्हींवर मुकी असेल तर रीडचा दोष असायची शक्यता कमी, मागचं टोक उचलतंय का ते आधी बघा.

आता आवाजावरून:

- गुरगुर, पत्र्यासारखा आवाज: रीडच्या जिभेखाली कण, किंवा रीडचा स्क्रू सैल
- उशिरा लागतो, जोर दिला की येतो: धूळ, किंवा जीभ रीडच्या पितळी पाटीपासून जास्त उचललेली
- हळू वाजवलं की येतो, जोर दिला की गुदमरतो: जीभ पाटीला फार चिकटून बसलेली
- अचानक बेसूर, खाली उतरलेला: जीभ मुळाशी चिरलीय, लवकरच तुटणार. त्या पट्टीला आता वाजवणं बंद

मुकी रीड असेल तर उघडण्याआधी एक उपाय करून बघा: फक्त तीच खुंटी उघडी ठेवून भाता भरा आणि ती पट्टी पटपट पंधरा-वीस वेळा ठोका. हलका कण हवेच्या झटक्यांनी निघून जातो. नाही गेला तर पुढची पायरी.

## ७. उघडायचीच असेल तर

स्केल चेंजरची पेटी असेल तर इथे थांबा आणि कारागिराकडे न्या. आतली मांडणी गुंतागुंतीची असते, सरकणारा भाग परत जुळवणं घरगुती काम नाही.

साध्या पेटीत:

अ. हवा पूर्ण सोडा. खुंटी उघडून दोन-चार पट्ट्या दाबून धरा, आतला भाता बसेपर्यंत. भरलेल्या पेटीचे स्क्रू सोडले तर स्प्रिंगच्या जोराने फळी एका बाजूने उचलते.

आ. फोटो. वरून, दोन्ही बाजूंनी, खुंट्यांच्या दांड्या कुठे कशाला जोडल्यात त्याचे जवळून. "लक्षात राहील" म्हणणारा मीच होतो.

इ. कागदावर पेटीचा चौकोन काढा, स्क्रू जिथून निघाला तिथे आकडा, तोच आकडा अंड्याच्या ट्रेमध्ये. सगळे स्क्रू सारख्या लांबीचे नसतात. मी पहिल्यांदा सगळे एका वाटीत टाकले होते, परत लावताना एक लांब स्क्रू आखूड जागी फिरवला, तो अडला म्हणून अजून जोर लावला, आणि लाकडातून कट्ट आवाज आला. ती चीर बुजवायला लागलेला खर्च बायकोला अजून सांगितलेला नाही.

ई. पट्ट्यांसकटची फळी दोघांनी धरून सरळ वर उचला. अडली तर एखादा स्क्रू राहिलाय किंवा खुंटीची दांडी अडकलीय, पेचकसाने उचकटायचं नाही. फळी पट्ट्यांवर उलटी टाकू नका, बाजूच्या कडेवर उभी करून दोन उशांमध्ये टेकवा. खालच्या बाजूला रीडच्या रांगा दिसतील, मोठ्या खर्जाच्या, लहान होत होत तार सप्तकाकडे.

चेक: फळी जिथे बसते तिथे कडेने चामड्याची किंवा नमद्याची पट्टी चिकटवलेली असते. फाटलीय, उचललीय का बघून घ्या, नाहीतर बंद केल्यावर नवी गळती सुरू होते आणि ती कुठून आली ते कळत नाही.

## ८. रीड साफ करणं

दोषी रीड कुठली ते सहाव्या पायरीत कळलेलं आहे. तेवढीच करा. "उघडलंच आहे तर सगळ्या चकाचक करू" हा मोह फार वाईट, आणि चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर हे तर कधीच नाही. पितळेची समई नाही ती. जिभेवरचं थोडं पितळ गेलं तरी सूर बदलतो: टोकाकडून खरवडलं तर चढतो, मुळाकडून खरवडलं तर उतरतो. सूर जुळवणारे कारागीर हेच करतात, पण ते प्रत्येक घाशीनंतर ऐकतात, आपण पावडर लावून सगळ्या रीड एकदम बेसूर करतो.

बारीक ब्रश मुळापासून टोकाकडे, जिभेच्या लांबीच्या दिशेने. आडवा फिरवला तर जीभ बाजूला सरकते. मग टॉर्च मागून धरा: जिभेच्या तिन्ही बाजूंनी प्रकाशाची सारखी बारीक रेघ दिसली पाहिजे. एका बाजूला रेघ तुटलेली दिसली तर तिथे कण आहे किंवा जीभ घासतेय. कागदाची पट्टी फटीत हलकेच घालून टोकाकडे ओढा. केस, धागा, काय असेल ते येतं. त्यानंतरही जीभ एका कडेला घासतच असेल तर ती मधोमध आणणं कारागिराचं काम.

जीभ किती उचललेली असावी? शेजारच्या रीड बघा, सारख्या आकाराच्या. टोक पाटीपासून थोडंसं वर, एका रेषेत सगळ्यांचं जवळपास सारखं. फार चिकटलेली असेल तर पातळ पत्रा टोकाखाली घालून एक केस वर, बस. पुन्हा पुन्हा वरखाली वाकवलं की तिथून चिरते.

रीडचे स्क्रू सैल असतील तर घट्ट करा, पण लाकूड मऊ असतं, फिरायला अडला की थांबा. भोक मोठं झालं असेल आणि स्क्रू नुसताच गरगर फिरत असेल तर काडेपेटीच्या काडीचा तासलेला तुकडा फेविकॉलमध्ये बुडवून भोकात घाला, रात्रभर वाळू द्या, मग स्क्रू.

## ९. भात्याला ठिगळ

छोटी चीर असेल तरच. पातळ मऊ चामडं किंवा घट्ट विणीचं सुती कापड, चिरीपेक्षा सगळीकडून बोटभर मोठं, कोपरे गोल कापलेले. जुनी धूळ पुसून पांढरा फेविकॉल अगदी पातळ लावा. भाता अर्धा उघडा ठेवून रात्रभर वाळवा, घड्यांच्या मध्ये प्लास्टिकचा तुकडा ठेवा, नाहीतर सकाळी घडी घडीला चिकटलेली मिळते. झटपट गोंद कडक होतो, चार वेळा भाता मारला की ठिगळाच्या कडेनेच नवी चीर. कोपऱ्यातलं चामडं कुजून भुगा होत असेल तर ठिगळ लावत बसू नका, सगळंच बदलायची वेळ झालीय.

## १०. परत बंद करताना

फळी सरळ खाली बसवा, कुठे डुगडुगत नाही ना बघा. स्क्रू आधी सगळे नुसते धरवा, मग समोरासमोरचे थोडे थोडे करत आवळा, एकच बाजू पूर्ण आवळून मग दुसरी असं नाही. त्यानंतर जाळी लावायच्या आधीच तिसऱ्या पायरीतली हवेची परीक्षा परत, तिन्ही टप्पे. आकडा आधीपेक्षा कमी आला तर फळी नीट बसलेली नाही. हे जाळी, झाकण, पॉलिश सगळं झाल्यावर कळलं की माणूस "चालतंय की" म्हणून सोडून देतो.

सूर तपासायला मोबाइलवरचा ट्यूनर चालतो, पांढरी सहा ४४० हर्ट्झवर लावलेली असते का बघा, पण भाता एकसारखा हलका ठेवा. जोर दिला की सूर थोडा उतरतो, त्यामुळे ट्यूनरचा काटा हलला म्हणून पेटी बेसूर ठरवू नका. दोन्ही खुंट्या उघडून एक पट्टी धरली आणि आवाजात लाटा ऐकू आल्या तर त्या दोन रीड एकमेकींशी जुळत नाहीयेत. काही लाटा चालतात, पण एकाच पट्टीच्या जोरात आणि बाकीच्यांच्या नाहीत तर दाखवून घ्या.

## ११. पावसाळा आणि ठेवण

प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवलेली पेटी मला बघवत नाही. आतली ओल आतच राहते, चामड्यावर बुरशी येते. सुती खोळ घाला. जमिनीवर नको, पावसाच्या माऱ्याच्या भिंतीला टेकून नको. सिलिका जेलच्या पुड्या खोक्यात टाका, पेटीच्या आत रीडजवळ नको. निळे दाणे गुलाबी झाले किंवा केशरी हिरवे झाले की ते ओलीने भरले, तापवून किंवा बदलून घ्या. डांबरगोळ्या ठेवायच्याच तर खोक्याच्या कोपऱ्यात, कापडात गुंडाळून, पट्ट्यांवरच्या प्लास्टिकला त्यांचा वास मानवत नाही. झुरळं आणि कसर चामडं नि गोंद खातात, म्हणून खोकं महिन्यातून एकदा उघडून बघाच.

ठेवताना भाता बंद, कड्या लावलेल्या, खुंट्या आत. आणि वाजवा हो, पावसाळ्यात तर दोन दिवसाआड दहा मिनिटं, सगळ्या पट्ट्यांवरून, सगळ्या खुंट्या उघडून. हवा फिरत राहिली की ओल आणि धूळ रीडवर ठाण मांडत नाही.

गाडीतून नेताना डिकीत उन्हात सोडू नका, लाखेचं पॉलिश गरमीने मऊ पडतं आणि खोळीचं कापड त्याला चिकटतं.

## १२. कारागिराकडे देताना

चिरलेली रीड, कुजलेला भाता, स्केल चेंजर, सूर जुळवणं, ही चार कामं द्यायचीच. देताना तुमचा कागद सोबत द्या: हवेच्या परीक्षेत काय आलं, कुठली पट्टी, कुठल्या खुंटीवर, कपलर बंद असतानाही होतं का. नुसतं "जरा बघा" म्हटलं तर सगळी पेटी उघडली जाते आणि बिलपण सगळ्या पेटीचं येतं. किती रीड बदलल्या ते विचारून जुन्या परत मागा. जीभ तुटली असेल तर तुकडा पाकिटात घालून द्या, जाडी आणि माप जुळवायला कामाला येतो. पाकीट जाळीला दोऱ्याने बांधा, टेपने चिकटवू नका, पॉलिशवर डाग पडतो.